सांगली-साताऱ्यात आइस हॉकी उभी करायचीय? कुठून सुरू करायचं ते सांगतो

दर उन्हाळ्यात दोन-चार जण तरी विचारतात, सर आमच्या गावात हे हॉकी सुरू करायचंय, काय काय लागतं. प्रत्येकाला फोनवर तासभर सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून ठेवतो. मी सांगलीत बरीच वर्षं पोरांना चाकांवरची हॉकी शिकवतोय, म्हणजे इनलाइन हॉकी, आणि त्यातल्या काही पोरांना बर्फावर पण नेलंय. मोठा कोच वगैरे नाही मी, पण काय केल्यावर गाडी अडकते आणि काय केल्यावर पुढे जाते ते आता कळलंय.

पहिल्यांदा हे डोक्यात पक्कं करा की आपल्याकडे बर्फ नाही आणि लवकर होणार पण नाही. देशात आइस हॉकी मुख्यतः लडाखमध्ये चालते, डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी, थंडीने गोठलेल्या पाण्यावर, आणि हिमाचलात शिमला-स्पितीकडे. देहरादूनला २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी मोठा इनडोअर रिंक, म्हणजे बर्फाचं मैदान, बांधला होता, तो पुढे कित्येक वर्षं बंद पडून होता, कारण बर्फ धरून ठेवायला चोवीस तास मशीन चालू लागतं आणि त्याचं लाइट बिल कुणाला परवडत नव्हतं, आता २०२५ ला तो परत सुरू झालाय. सरकारला जे इतकी वर्षं जमलं नाही ते आपण कुपवाडच्या शेडमध्ये करू असं कुणी म्हणत असेल तर त्याला प्रेमाने नाही म्हणा. आपला रस्ता चाकांवरून जातो. स्केटिंग, स्टिक हाताळणं, पासिंग, मान वर ठेवून खेळणं हे जवळजवळ सगळं इनलाइनवर शिकता येतं. फक्त थांबायची पद्धत वेगळी, त्यावर शेवटी बोलू.

आणि दुसरी गोष्ट, जी मला कळायला तीन वर्षं गेली. एका गावात चाळीस पोरं जमवण्यापेक्षा चार गावांत दहा-दहा पोरं जमवा. आम्ही सुरुवातीला सगळा जोर सांगलीतच लावला, बॅच भरली, किट आलं, आणि मग पोरं वर्षभर एकमेकांशीच खेळत बसली. रोज तीच तोंडं, कोण कुठे पास देणार हे सगळ्यांना पाठ, मॅच कुणाशी नाहीच. आठवी-नववीतली पोरं हळूहळू गळाली, कोण क्रिकेटला गेलं कोण क्लासला. ज्या महिन्यात कराडची टीम उभी राहिली आणि पहिली मॅच ठरली त्या महिन्यात गळालेली सहा पोरं आपणहून परत आली. समोर कुणीतरी पाहिजे ओ. म्हणून हा पूर्ण लेख एका क्लबसाठी नाही, पट्ट्यासाठी आहे: सांगली, मिरज, इस्लामपूर, विटा, कराड, सातारा, फलटण, वाई, यातली कुठलीही तीन-चार गावं धरा.

जागा

इनलाइन हॉकीला गुळगुळीत आणि सलग जमीन लागते, बाकी काही नाही. शहाबादी फरशी चालत नाही, सांध्यात चाक अडकतं आणि पोरगं तोंडावर जातं. पेव्हर ब्लॉक तर अजिबात नको. सगळ्यात बेस्ट म्हणजे ट्रिमिक्स केलेलं काँक्रीट, म्हणजे मशीनने जादा पाणी ओढून गुळगुळीत घोटलेलं, एखाद्या शाळेचं किंवा कॉलेजचं बास्केटबॉल कोर्ट जुनं असलं तरी चालतं, फक्त भेगा सिमेंटने भरून घ्या आणि रोज खेळायच्या आधी झाडू मारा. बारीक खडा दिसत पण नाही, पण चाकाखाली आला की चाक जागेवर थांबतं आणि माणूस पुढे जातो. आमच्याकडे नियम आहे, सगळ्यात आधी येईल त्याने झाडू घ्यायचा, मोठा असो लहान असो.

बर्फाचा आंतरराष्ट्रीय रिंक साठ मीटर लांब आणि तीस मीटरपर्यंत रुंद असतो, ते मनातनं काढून टाका. बास्केटबॉल कोर्ट २८ बाय १५ मीटरचं असतं, त्यात तीन-तीन जण आणि गोली, म्हणजे गोलकीपर, असं मस्त खेळता येतं, आणि खरं सांगू का, नवीन पोरांना छोट्या जागेतच जास्त शिकायला मिळतं कारण बॉल सारखा पायात येतो. कडेला बोर्ड, म्हणजे बॉल अडवणारी बुटकी भिंत, पाहिजेत नाहीतर अर्धा वेळ बॉल आणण्यात जातो. पक्के बोर्ड परवडत नाहीत, आम्ही फूटभर उंचीच्या प्लायच्या पट्ट्या मागून लोखंडी अँगलचा टेकू देऊन उभ्या करतो, टेम्पोत बसतात, पाऊण तासात लागतात.

पावसाचं काय, हा प्रश्न साताऱ्याकडचे लोक सगळ्यात आधी विचारतात आणि बरोबर आहे, तिकडे जून ते सप्टेंबर बाहेर काहीच होत नाही. यावर आम्हाला सापडलेला उपाय म्हणजे मंगल कार्यालय. चातुर्मासात लग्नं नसतात, हॉल रिकामे पडलेले असतात, मालकाला भाडं कमी पण नियमित मिळत असेल तर तो तयार होतो. त्याची भीती एकच असते, फरशी खराब होईल. म्हणून जाताना दोन गोष्टी करा. एक, ज्या स्केट्सना मागे काळा रबरी ब्रेक असतो तो काढूनच आत जा, डाग त्यानेच पडतात, आणि तसंही हॉकीच्या स्केट्सना तो नसतोच. दुसरी, मऊ चाकं लावा. चाकावर ७६ए, ८४ए असे आकडे असतात, आकडा कमी तेवढं चाक मऊ. गुळगुळीत फरशीवर ७६ च्या आसपासचं चाक धरून राहतं, बाहेरच्या खरखरीत काँक्रीटवर तेच चाक महिन्यात खलास होतं, तिथे ८४ च्या आसपासचं पाहिजे. मालकाला आधी स्वतः एक चक्कर मारून दाखवा आणि फरशीवर हात फिरवायला लावा, बोलण्याने जे होत नाही ते त्याने होतं.

किट

पैसे कुठे घालवायचे आणि कुठे जुगाड करायचा हे नीट समजून घ्या कारण इथेच नवीन लोकांचे पैसे बुडतात.

जुगाड चालेल अशा गोष्टी: गोलपोस्ट. माप सहा फूट बाय चार फूट, कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याला चित्र काढून द्या, दीड इंची पाइप वाकवून वेल्ड करून देतो. आमचे पहिले दोन कुपवाड एमआयडीसीत झाले आणि अजून तेच आहेत. जाळी नायलॉनची, मासे धरायच्या जाळीवाल्याकडून जाड दोऱ्याची घ्या, बॅडमिंटनची जाळी पहिल्याच आठवड्यात फाटते. गोलीच्या पायाचे पॅड आम्ही मिरजेत एका गादीवाल्या काकांकडून शिवून घेतले, आत फोमचे दोन थर, मध्ये पातळ प्लायची पट्टी, वरनं रेक्झिन. काकांनी आधी विचारलं हे नेमकं घालायचं कशाला, मग दुसऱ्या दिवशी स्वतः ग्राउंडवर येऊन बसले, पोरगं गुडघ्यावर बसल्यावर पॅड कुठे वळतो ते बघितलं आणि गुडघ्यापाशी शिवण तोडून परत घातली. तेव्हापासून पॅड सरकला नाही. असा माणूस जोडून ठेवा.

जुगाड अजिबात नको अशा गोष्टी: हेल्मेट आणि गोलीचा मास्क. सायकलचं हेल्मेट नको, क्रिकेटचं तर नकोच, हॉकीचं जाळीवालंच घ्या. आंतरराष्ट्रीय नियमात १८ वर्षांखालच्यांना पूर्ण चेहरा झाकणारं संरक्षण सक्तीचं आहे आणि आपण त्यात एक इंचही सूट द्यायची नाही, पोराचे पक्के दात एकदाच येतात. बर्फावर जाणार असाल तर गळ्याचं गार्डही पाहिजे.

नवीन पोरांना पहिला महिनाभर मनगटाचं गार्ड घाला. हॉकीचे ग्लोव्हज बोटांना वाचवतात, पडताना हात टेकला की मनगटाला नाही वाचवत, आणि इनलाइनवर सगळ्यात जास्त मोडतं ते मनगटच.

स्टिकबद्दल एक महत्त्वाचं, कारण आपल्याकडे हॉकी म्हटलं की गवतावरची हॉकी डोक्यात येते. मैदानी हॉकीत स्टिक एकाच हाताची असते, डावखुऱ्यालाही तीच धरावी लागते. इथे तसं नाही. इथे स्टिक डावी पण असते उजवी पण असते आणि ब्लेडच्या दोन्ही बाजूंनी खेळता येतं. पोराला विचारत बसू नका तू डावा का उजवा म्हणून. जमिनीवर झाडू ठेवा आणि म्हणा उचल आणि झाड. जो हात वर जातो तो वरचा हात. वरचा हात ताकदीचा असला की बॉल सांभाळणं सोपं जातं, त्यामुळे उजव्या हाताने लिहिणारं पोरगं डाव्या बाजूने खेळताना दिसलं तर त्याला बदलायला लावू नका. उंचीचं म्हणाल तर बूट घालून उभं राहिल्यावर स्टिक नाकापर्यंत, स्केट्स घातल्यावर हनुवटीपर्यंत.

पक की बॉल? पक म्हणजे बॉलच्या जागी वापरतात ती चपटी चकती. बर्फावरचा पक जड रबराचा असतो, १५६ ते १७० ग्रॅम, तो काँक्रीटवर सरकतच नाही. इनलाइनचा पक हलका प्लास्टिकचा मिळतो, तो गुळगुळीत फरशीवर छान, खरखरीत जागी उभा राहून चाकासारखा पळत सुटतो. म्हणून बाहेर बॉलनेच खेळा.

सामान कुठे ठेवायचं? वरच्या मजल्यावर. हे मी हात जोडून सांगतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा आमचं सगळं किट तळमजल्यावरच्या खोलीत होतं. पाणी ओसरल्यावर दार उघडलं तर ग्लोव्हजमध्ये बोटं घालायची तिथपर्यंत गाळ भरलेला, स्केट्सचे बेअरिंग गंजून गच्च. तीन दिवस सगळी पोरं, त्यांच्या आया, बाबा, अंगणात टब मांडून धूत बसले होते, काड्यांनी एकेका बोटातला गाळ काढत. बेअरिंग एकही वाचलं नाही, ग्लोव्हज निम्मे वाचले. पुराचं सोडा, साध्या पावसात भिजले तरी बेअरिंग काढून पुसून मशीन ऑइलचा एक थेंब घाला, ही सवय पोरांना पहिल्याच दिवशी लावा.

शिकवायचं कसं

पहिल्या दिवशी पडायला शिकवा. खरंच, पूर्ण तास. गुडघे वाकवून पुढे पडायचं, गुडघ्याच्या पॅडवर, हात मुठी करून. मग उठायचं, एक गुडघा वर, दोन्ही हात त्या गुडघ्यावर, दाबून उभं. ज्या पोराची पडायची भीती गेली ते पंधरा दिवसांत पळतं आणि ज्याची नाही गेली ते वर्षभर कठडा धरून उभं राहतं. स्टिक तिसऱ्या आठवड्यापर्यंत हातात देऊ नका, कितीही मागितली तरी, नाहीतर ते स्टिक काठीसारखी टेकत चालतात आणि मग ती सवय जाता जात नाही.

थांबणं दोन प्रकारे शिकवा, आधी एक पाय मागे आडवा घासून, नंतर वळून सरकत. मग क्रॉसओव्हर, म्हणजे वळताना एक पाय दुसऱ्यावरून टाकणं, दोन्ही बाजूंनी, कारण प्रत्येक पोराची एक बाजू जड असते आणि ते ती लपवतं. जड बाजू दुप्पट करा.

इनलाइनमध्ये चार खेळाडू आणि एक गोली, बर्फावर पाच आणि एक. इनलाइनला ब्लू लाइन, म्हणजे बर्फावर ऑफसाइड ठरवायला आखलेली निळी रेघ, नसते आणि अंगावर जाऊन धडक मारायला परवानगी नाही. हे पालकांना आधीच सांगा, कारण त्यांनी मोबाइलवर परदेशातल्या मारामाऱ्या बघितलेल्या असतात आणि आई मुलीला पाठवायला घाबरते. मुली येऊ द्या, पहिल्या दिवसापासून, वेगळी बॅच करू नका, तेरा-चौदा वर्षांपर्यंत काही फरक पडत नाही. भारताच्या बायकांच्या टीमने २०२५ ला आशिया कपात ब्राँझ आणलंय, लडाख-हिमाचलच्या पोरी, ज्यांनी सुरुवातीला जुन्या-पान्या किटवर खेळून दिवस काढलेत. त्या मॅचेसचे व्हिडिओ पालकांच्या मीटिंगमध्ये लावा.

कुणाच्या डोक्याला मार लागला, चक्कर, उलटी, गोंधळल्यासारखं वाटलं तर त्या दिवशी परत खेळवायचं नाही, फायनल असली तरी नाही, आणि डॉक्टरकडे. याच्यावर चर्चा नाही.

दुसरं गाव

आता खरं काम. तुमची दहा-बारा पोरं उभी राहिली की नवीन किट घ्यायच्या आधी दुसऱ्या गावात टीम उभी करा. कुणाला धरायचं? जिथे आधीच स्केटिंगचे क्लास चालतात तिथल्या सरांना. साताऱ्यात, कराडात, इस्लामपुरात स्पीड स्केटिंग शिकवणारे असतातच, पोरांकडे स्केट्स असतात, तोल असतो, फक्त हातात स्टिक द्यायची असते. त्या सरांना पहिली शंका ही येते की हा माझी पोरं पळवायला आलाय. म्हणून जाताना आठ स्टिक आणि दोन बॉल घेऊन जा, तिथेच सोडून या, आणि सांगा पोरं तुमची, फी तुमची, क्लबचं नाव तुमचं, मला फक्त महिन्यातून एक रविवार मॅच पाहिजे. आमच्या आठ स्टिक एका गावात सहा महिने होत्या, परत आल्या तेव्हा दोन मोडलेल्या होत्या आणि तिकडे चौदा पोरं खेळत होती. याच्यापेक्षा स्वस्तात टीम मिळत नाही कुठे.

मॅचेस मधल्या ठिकाणी ठेवा. कराड मधोमध पडतं, सातारकरांना तासाभराचा रस्ता, सांगलीकरांना दीड-दोन तासांचा. मोठी टूर्नामेंट, ट्रॉफी, पाहुणे, हार, हे सगळं नको सुरुवातीला. रविवारी सकाळी तीन गावं, प्रत्येकाच्या दोन मॅच, दुपारी डबे सोडायचे, तीनला घरी. महिन्यातून एकदा, जुलै आणि परीक्षेचा महिना सोडून. स्कोअर लिहून ठेवा, वर्षाअखेर आपोआप लीग झालेली असते.

टीम विषम असतील तर पोरं वाटून घ्या. एका गावाकडे गोली नसेल तर आपला द्या, विट्याहून आलेल्या एका पोरीने आमच्याविरुद्ध आमचेच पॅड घालून गोल राखलाय आणि आम्ही हरलोय. पुढच्या महिन्यात तिच्या गावातून चार पोरं वाढली.

रेफरी लवकर तयार करा. पंधरा-सोळा वर्षांची जी पोरं आहेत त्यांना लहान गटाच्या मॅचला शिट्टी द्या. एक नियम ठेवा, आपल्या गावाच्या मॅचला आपला रेफरी नाही. आणि पालकांना दुसरा नियम, रेफरीशी फक्त कोच बोलणार. सोळा वर्षांच्या पोरावर बापमाणूस ओरडला की ते पोरगं परत शिट्टी हातात धरत नाही, आमची दोन चांगली पोरं अशी गेली आणि मला ते अजून लागतं.

कागद आणि पैसा

पहिलं वर्ष कागदाशिवाय काढा, खेळ टिकतो का ते बघा. नंतर संस्था नोंदवा, कमीत कमी सात सभासद लागतात, काम सहायक धर्मादाय आयुक्त कार्यालयात होतं, सांगलीत पण आहे आणि साताऱ्यात पण. सात जण सात मित्र नकोत, एक हिशोब कळणारा, एक शाळेतला, दोन पालक, आणि दुसऱ्या गावातले निदान दोन असे घ्या. दरवर्षी ऑडिट करा, कमिटी बदलली तर ९० दिवसांच्या आत बदल अर्ज टाका. हे राहून गेलं की पाच वर्षांनी जागा किंवा निधी मागायला जाताना सगळं अडकतं, आमचं अडकलं होतं.

संघटना दोन वेगळ्या आहेत हे लक्षात घ्या. चाकांवरची हॉकी रोलर स्केटिंग फेडरेशन ऑफ इंडियाखाली येते, जिल्हा, मग राज्य, मग नॅशनल असा रस्ता. बर्फावरची आइस हॉकी असोसिएशन ऑफ इंडियाखाली. पोरांची नावं आधी जिल्हा स्केटिंग संघटनेत घाला. तिथे कुणाशी भांडून समांतर संघटना काढायच्या फंदात पडू नका, त्यात पोरांची सर्टिफिकेटं कामाची राहत नाहीत आणि नोकरीतल्या पाच टक्के खेळाडू आरक्षणाच्या वेळी पोरगं अडकतं. दहावी-बारावीच्या खेळाडू मार्कांना कुठली स्पर्धा चालते ते दरवर्षी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन विचारून घ्या आणि पालकांना लेखी कळवा.

पैशासाठी आमच्याकडे पालकांची भिशी आहे. बारा पालक, दर महिन्याला ठरलेली रक्कम, ज्याचा नंबर लागेल त्याच्या पोराला नवीन स्केट्स. पाय वाढला की जुने स्केट्स क्लबच्या कपाटात, तिथून लहान पोराला. लोकांकडे मागायला लाजू नका. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ ला हेलसिंकीला जाऊन ब्राँझ घेऊन आले ते पण लोकांच्या मदतीवरच गेले होते. आपल्या भागाला खेळासाठी वर्गणी द्यायची सवय आहे, फक्त हिशोब महिन्याच्या महिन्याला व्हॉट्सअॅपवर टाका, चहाचा खर्च पण.

बर्फावर नेताना

दोन वर्षं चाकांवर नीट झाली की मगच न्या. देहरादून आपल्याला सोपं, मिरजेहून गोवा एक्सप्रेसने निजामुद्दीन आणि तिथून पुढे. बर्फाची वेळ आणि भाड्याचे स्केट्स आहेत का हे निघायच्या आधी फोनवर पक्कं करा. लेहला नेणार असाल तर ते साडेतीन हजार मीटरवर आहे, पोचल्यावर पहिले दोन दिवस पूर्ण आराम, जिने पण हळू, पोरं ऐकत नाहीत पण ऐकवा.

बर्फाच्या स्केट्सला धार असते, आणि ती धार विळी-कोयत्यासारखी नसते, पात्याच्या खाली मध्ये खोबण असते आणि दोन्ही कडांना धार. इकडे कुठल्या धारवाल्याकडे देऊ नका, तो खोबण सपाट करून टाकतो. रिंकवरच लावून घ्या. खेळून झालं की पातं फडक्याने कोरडं पुसायचं, बर्फावरून उतरून साध्या जमिनीवर चालताना कव्हर लावायचं.

आणि थांबणं. चाकांवर शिकलेलं पोरगं बर्फावर पहिल्यांदा सुसाट जातं, सगळ्यांना वाटतं वा, आणि मग थांबायला पाय मागे घासायला जातं आणि सरळ बोर्डवर. बर्फावर दोन्ही पाय एकदम आडवे करून, गुडघे वाकवून, कड घासत थांबायचं असतं. म्हणून पहिला तास स्टिक बाहेर ठेवा, बॉल नाही पक नाही, बोर्ड धरून फक्त पायाने बर्फ खरवडायला लावा, आधी उजव्याने मग डाव्याने, पायापाशी बर्फाचा भुगा जमेपर्यंत. आमच्या एका पोराने पहिल्यांदा असा भुगा उडवला तेव्हा तो खाली बसून तो हातात घेऊन बघत राहिला, मग मूठभर उचलून ग्लोव्हमध्ये घातला, घरी आईला दाखवायला.